हात खाली

"हौसाबाई, त्या सुगंधाला चमचा धरायला शिकवा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

घाटगे सरांनी असं विचारलं तेव्हा मला वाटलं, कौतुक करतायत. पदराला हात पुसत मी ऑफिसच्या दारात उभी होते. हसून म्हटलं, "कुणी कशाला सांगाय पाहिजे सर? पोरीला भूक लागते. मीच शिकवलं."

"दोन वर्षं लागली म्हणे."

"दोन वर्षं आणि वर तीन महिने."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. "आणि त्यात अकरा बायकांची पगारवाढ गेली," ते म्हणाले. "बसा. सांगतो."

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. आमचं मुलींचं बालगृह सांगलीपासून एसटीनं तासाभरावर. संस्था खाजगी, अनुदान सरकारचं. तेव्हा पाटीवर 'मतिमंद मुलींचे बालगृह' असंच लिहिलेलं होतं. चाळीस मुली आणि आम्ही अकरा बायका. कागदावर आम्ही काळजीवाहक, गावात नुसत्या आया. मुलींना उचलायचं, धुवायचं, भरवायचं, फिट आली की मांडीवर डोकं घेऊन बसायचं, आणि रोज वीस-पंचवीस ओल्या चादरी पिळायच्या. उसातलं तण भांगलायला जाणाऱ्या बाईला आमच्यापेक्षा जास्त मजुरी पडायची. सहा वर्षं आम्ही अर्ज करत होतो. अर्ज सरच, म्हणजे आमचे अधीक्षकच, लिहून द्यायचे, आम्ही सह्या आणि अंगठे उठवायचो. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

तर पगारवाढीचा आदेश शेवटी आला होता. काळजीवाहकांचं किमान वेतन वाढवलेलं, जवळजवळ दुप्पट. पण त्याला एक शेपूट होतं. ज्या गृहात निम्म्याहून जास्त मुली पूर्ण परावलंबी असतील, तिथल्याच बायकांना ती वाढ. बाकीच्यांना जुनाच पगार. समिती येणार, जेवणाच्या वेळी प्रत्येक मुलीपुढं ताट ठेवणार आणि पाच मिनिटं बघणार. घास आपल्या हातानं तोंडापर्यंत गेला तर मुलगी स्वावलंबी, नाही गेला तर परावलंबी.

"मी मोजल्या," सर म्हणाले. "वीस खातात, वीस नाही खात. निम्म्याहून जास्त पाहिजेत. एक कमी पडतीय."

कुठली ते मला कळलं. सरांनी टेबलावरची एक फाईल उघडली.

"एकोणीस तर आल्या तेव्हापासून खातायत, त्यांच्या फायलीतच आहे. ही विसावी तुम्ही केलीत. हिच्या फायलीत अजूनही 'भरवावे लागते' असंच लिहिलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे काय सर? आम्ही काम नीट केलं म्हणून पगार नाही? कुठल्या शहाण्यानं काढला हा आदेश?"

"मी नाही काढला, हौसाबाई," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला पुढं भांडवेना.

सुगंधा तेव्हा सोळा वर्षांची होती. तीन वर्षांची असताना कुणीतरी तिला बसस्टँडवर ठेवून गेलं होतं. हे नावही आमच्याच एका आयानं ठेवलेलं. तिला बोलता येत नव्हतं, एकच आवाज यायचा, "हौ". आता कुणी म्हणेल तो नुसताच आवाज होता, पण मी शेजारी बसले की तो जास्त यायचा, म्हणून मी तो माझं नावच धरून चालले होते.

तिला शिकवण्यामागं कारण होतं. आमच्याकडं मुलगी अठरा वर्षांची झाली की राहता येत नाही. तिला मोठ्या बायकांच्या गृहात पाठवतात, दुसऱ्या जिल्ह्यात. आमची कमल अशीच गेली होती. कमलला पोचवायला नसीमाभाभी गेली होती, माझ्याबरोबरचीच आया. परत आली ती दोन दिवस जेवली नाही. "हौसा," ती म्हणाली, "तिथं ताट पुढं ठेवतात आणि निघून जातात गं. अर्ध्या तासानं ताटं उचलतात. खाल्लं तर खाल्लं." कमल सहा महिन्यांत गेली. वजन किती उरलं होतं, ते कुणी आम्हाला कळवलं नाही.

कमल गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात मी सुगंधाला घेऊन बसले. तिच्या मुठीत चमचा टिकेना, म्हणून चमच्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, चांगली जाडजूड. वाटी सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं घातलं. मी मागं बसायचे, तिच्या हातावर माझा हात. "हात वर" म्हणायचे आणि दोघींचा हात मिळून वर न्यायचे. घास तोंडात गेला की, "शाब्बास गं माझी राणी", आणि गुळाचा बारीक खडा. रोज, तिन्ही त्रिकाळ. पहिलं वर्ष तर माझाच हात वर जायचा, तिचा नुसता लोंबायचा. नसीमाभाभी म्हणायची, "अगं, भिंतीला शिकवलं असतंस तर तीसुद्धा जेवली असती आत्तापर्यंत."

आणि एके दिवशी, दूधभात होता, मी मागून हात काढून घेतला तर तिला कळलंच नाही. चमचा वर गेला. अर्धा भात नाकावर, अर्धा तोंडात. सगळा हॉल हसला. सुगंधा स्वतःच इतक्या मोठ्यानं हसली की तोंडातलाही बाहेर आला. मग चमचा वाटीवर आपटत ओरडत सुटली, "हौ, हौ, हौ." मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले. माझ्या लग्नातसुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

तो हात आता आडवा आला होता.

नळावर चादरी पिळताना बातमी सगळ्यांना कळली. कुणी काही लागेल असं बोललं नाही, तेच जास्त लागलं. एकजण एवढंच म्हणाली, "हौसाताईच्या हाताला लई खाज." नसीमाभाभी तिच्यावर खेकसली, पण तिचंही तोंड उतरलं होतं. तिच्या घरात सहा माणसं खाणारी आणि ती एकटी मिळवणारी.

संध्याकाळी घरी गेले. घरी माझी सासू होती, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना. नवरा माझा आधीच गेलेला, आम्ही दोघीच. आत्याबाईंना अर्धांग झालं होतं. डावी बाजू गेलेली, उजव्या हातात जेमतेम जीव, कधी घास तोंडापर्यंत जायचा, कधी नाही. सकाळी मी भरवून, उशाशी दुधात कुस्करलेली भाकरी ठेवून बाहेरून कडी लावायचे आणि संध्याकाळी येऊन उघडायचे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या पोरींना भरवत असायचे आणि माझी म्हातारी छताकडं बघत पडलेली असायची. शेजारची पारूबाई दुपारी येऊन भरवायला, कूस बदलायला तयार होती. पण तिचंही हातावर पोट, फुकट कशी येईल? वाढ आली की पारूबाईला ठेवायचं, हे मी किती दिवस मनात धरून होते.

त्या दिवशी कडी काढली तर भाकरी तशीच होती. वाटीला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्यांची रांग वाटीतून उशीवर आणि उशीवरून आत्याबाईंच्या ओठांपर्यंत गेली होती. त्या दिवशी त्यांना हात उचलून पुसताही आलं नव्हतं. मला बघून त्या म्हणाल्या, "आलीस व्हय गं." एवढंच. एक शब्द तक्रारीचा नाही.

मी मुंग्या पुसल्या. पाठ बघितली, जखम अजून वाढली होती. त्या म्हातारीपुढं मी खाली बसले आणि ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडं गेले. "समिती कधी येतीय?"

"नऊ दिवसांनी."

"मला आठ दिवस पुरे."

सरांनी उठून दार लोटून घेतलं. "त्या दिवशी नुसता चमचा लपवला तर?"

"हातानं खाईल. ताट ओढून घेईल. तिला आता कळलंय की घास आपला आपण घेता येतो. ते तिला विसरवायला पाहिजे, आणि ते माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही."

"आणि नंतर?"

"नंतर काय? परत शिकवीन. शिकलेला हात कुठं जातोय सर? अठरा पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत."

हे मी बोलले. माझ्या तोंडानं बोलले.

जसं शिकवलं होतं तसंच करायचं ठरवलं. मागं बसायचं, हातावर हात ठेवायचा. फक्त आता "हात वर" नाही, "हात खाली". वाटी पुढं आली, तिनं चमच्याकडं हात नेला की तो धरून खाली आणायचा, तिच्याच मांडीखाली दाबून ठेवायचा. मग नसीमाभाभीनं समोरून भरवायचं. हात खाली राहिला की शाब्बास आणि गूळ.

पहिल्या दिवशी सुगंधाला खेळ वाटला. हात वर करायची आणि माझ्याकडं मान वळवून हसायची, आता ही खाली नेईल म्हणून. दुसऱ्या दिवशी हसायची थांबली. तिसऱ्या दिवशी तिनं डोक्यानं वाटी उडवली. चौथ्या दिवशी तोंडच उघडलं नाही. नसीमाभाभीनं चमचा खाली ठेवला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बास कर हौसा. मला नको ती वाढ."

"तुला नको असंल. मला पाहिजे."

"अगं, पोरीकडं बघ तरी."

"बघतीय. रोज बघतीय. घरी जाऊन म्हातारीकडंपण बघतीय. भरव तू."

तिनं भरवलं. मी सुगंधाचे दोन्ही हात तिच्या मांडीखाली दाबून धरले होते. त्या बोटांत चांगलीच ताकद आली होती, माझ्याच मेहनतीची. पाचव्या दिवशी ती ताकद लावेनाशी झाली. सहाव्या दिवशी हात मी ठेवले तिथं राहिले. सातव्या दिवशी मी मागून उठून बाजूला गेले तरी हलले नाहीत. मी म्हटलं, "शाब्बास गं माझी राणी." आणि तिनं गुळासाठी तोंड उघडलं.

समितीत दोन साहेब होते आणि एक डॉक्टरीणबाई, तरुण, साधा सुती ड्रेस घातलेली. साहेब उभ्या उभ्या खुणा करत पुढं जात होते. डॉक्टरीणबाई मात्र प्रत्येक मुलीपुढं खाली बसायची, नाव विचारायची. मी म्हटलं, आता आली का पंचाईत.

सुगंधापुढं वाटी ठेवली. आमटीभात होता, तिचा आवडता. तोंडाला पाणी सुटून हनुवटीवरून गळायला लागलं. मी समितीच्या मागं भिंतीला टेकून उभी होते. सुगंधा वाटीकडं बघत होती. मग उजवा हात मांडीखालून हळूच निघाला. बोटं वाटीच्या काठापर्यंत आली.

तिनं वर बघितलं, माझ्याकडं.

मी फक्त हनुवटी खाली केली, एवढीशी. तिनं हात परत मांडीखाली घातला.

पाच मिनिटं झाली. साहेबांनी खूण केली आणि पुढं गेले. डॉक्टरीणबाई उठली नाही. तिनं सुगंधाचा हात मांडीखालून सोडवून आपल्या हातात घेतला, बोटं उघडली, मिटली. मग बाजूच्या ट्रेमधला चमचा उचलला. मी तो ठेवून द्यायला विसरले होते. ट्यूब गुंडाळलेला तोच चमचा.

"हा कुणाचा?"

"स्वयंपाकघरातला आहे मॅडम," मी म्हटलं. "डाळ घोटायचा."

"तुम्ही किती वर्षं आहात इथं?"

"नऊ."

"नऊ वर्षांत हिला एकदाही कुणी शिकवून बघितलं नाही?"

घाटगे सर घाईनं म्हणाले, "मॅडम, चाळीस मुली, आणि पाळ्या धरल्या तर एका वेळी तिघीचौघी बायका. वेळ कुठं असतो यांना?"

पण बाई माझ्याकडंच बघत होती. रागानं नाही. राग असता तर मी उलटून बोलले असते, माझी जीभ काही कमी नाही. "एकदाही नाही?" तिनं परत विचारलं.

"नाही मॅडम."

"जमलं असतं हो हिला," ती म्हणाली. "बोटांत ताकद आहे."

तिनं कागदावर खूण केली आणि पुढच्या मुलीकडं गेली. मी तो चमचा उचलून कमरेला खोचला आणि सुगंधाला भरवायला बसले. तो भात मी कसा भरवला, मला आठवत नाही.

वाढ आली, पण यायला पाच महिने लागले. तोपर्यंत सर म्हणत राहिले, "हौसाबाई, आदेश हातात पडेपर्यंत चमचा काढू नका. फेरतपासणीला येतील." मी नाही काढला. वाढीव पगार झाला त्या दिवशी बायकांनी पेढे वाटले. पारूबाई दुपारची यायला लागली. आत्याबाईंच्या पाठीची जखम दीड महिन्यात भरून आली आणि पुढं त्या पाच वर्षं जगल्या, दुपारचं गरम जेवून. त्या पगारानं माझं घर सावरलं. आम्ही काही भीक मागितली नव्हती, ते आमच्या हक्काचंच होतं. आजही कुणी विचारलं तर मी तसंच सांगेन.

मग चमचा काढला. मागं बसले, हातावर हात ठेवला. "हात वर." वर नेला की जाई, सोडला की पडे. पडल्यावर सरळ मांडीखाली. मी गूळ दाखवला. मी शाब्बास म्हणायचे, तिला कळायचं नाही कशाबद्दल. एक महिना, सहा महिने, वर्ष. मी तिच्यावर ओरडले, एकदा हातावर चापटही मारली, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नसीमाभाभी म्हणायची, "होईल गं, पहिल्यांदापण दोन वर्षं लागली होती." पण पहिल्यांदा तिला काहीच येत नव्हतं. आता तिला एक गोष्ट पक्की येत होती, आणि ती मीच शिकवली होती.

अठरा पूर्ण झाली. सरांनी वर्षभर मुदत मागितली, मिळाली नाही. जीपमधून तिला पोचवायला मी गेले. नसीमाभाभी म्हणाली होती, मी जाते. मी म्हटलं, नाही, मीच जाणार.

तिथं मोठा हॉल होता, ओळीनं बसलेल्या बायका. माझ्याच वयाची एक आया होती, एकटीच, ताटांची चळत घेऊन भराभर पुढं सरकत होती. मी तिला म्हटलं, "ताई, हिला भरवावं लागतं बघा. वेळ लागत नाही जास्त, दहा मिनिटं."

ती थांबली. घामानं थबथबली होती. "इथं सगळ्या आपापल्या खातात, असं कागदावर आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आम्हाला वाढ नाही, आणि माणूस वाढवून नाही. पन्नास जणी आहेत आणि मी एक. तुम्हीच सांगा, दहा मिनिटं कुठली काढू?"

तिनं सुगंधापुढं ताट ठेवलं आणि ती पुढच्या ओळीत गेली. बाहेर जीपवाल्यानं हॉर्न दिला.

मी कमरेचा चमचा काढून सुगंधाच्या हातात दिला. तिची बोटं त्यावर मिटवली. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "हात वर, राणी. आज एकदाच. माझ्यासाठी कर."

तिनं चमच्याकडं बघितलं. मग बोटं सैल सोडली, चमचा ताटाशेजारी पडला. तिनं उजवा हात मांडीखाली घातला, मग डावाही घातला, नीट, आतपर्यंत. आणि मान वर करून माझ्याकडं बघून हसली. "हौ," ती म्हणाली, आणि तोंड उघडून गुळाची वाट बघत बसली.

माझ्याकडं गूळ नव्हता. मी म्हटलं, "शाब्बास गं माझी राणी."

आणि जीपमध्ये जाऊन बसले.